तह आधी की मुक्ती आधी? लिंकनच्या १८६४ च्या अटीविषयी एक प्रश्न

वेण्णाकाठ (सातारा)

नमस्कार. मी साताऱ्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो. येत्या वादविवाद स्पर्धेसाठी आमच्या विद्यार्थ्यांना 'गुलामगिरी संपवणे ही टिकाऊ शांततेची पूर्वअट असते' असा विषय मिळाला आहे. अनुकूल बाजूची तयारी दोन दिवसांत झाली, कारण गुलामगिरी वाईट आहे एवढे म्हणायला फारसे कष्ट पडत नाहीत. प्रतिकूल बाजूची तयारी करताना मात्र अडचण आली आणि ती विद्यार्थ्यांपेक्षा माझीच अधिक झाली, म्हणून हा धागा काढत आहे.

मी त्यांना अमेरिकेच्या यादवी युद्धातला १८६४ चा उन्हाळा वाचायला दिला होता. गुलामगिरी असलेली दक्षिणेकडची राज्ये संघराज्यातून फुटली होती आणि राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या उत्तरेशी लढत होती. त्या वर्षी मे आणि जून महिन्यांत उत्तरेच्या जनरल ग्रँटने व्हर्जिनियात दक्षिणेची राजधानी रिचमंडच्या रोखाने जी मोहीम चालवली, तिच्यात उत्तरेने मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे ५५,००० माणसे गमावली, आणि एवढे होऊनही रिचमंड पडले नाही. फौज पीटर्सबर्गच्या वेढ्यात अडकून पडली. लोक युद्धाला कंटाळले होते. अशा वेळी 'न्यू यॉर्क ट्रिब्यून'चा संपादक होरेस ग्रीली याने लिंकनला कळवले की, दक्षिणेचे काही प्रतिनिधी नायगाराजवळ कॅनडाच्या हद्दीत आले आहेत आणि त्यांच्याशी तहाची बोलणी करावीत. लिंकनने १८ जुलै रोजी एक चिठ्ठी दिली. तिच्यावर कोणाचे नाव नव्हते, 'ज्याचा संबंध असेल त्याच्यासाठी' असा मायना होता. शांतता, संघराज्याची अखंडता आणि गुलामगिरीचा त्याग या तिन्ही गोष्टी ज्या प्रस्तावात असतील, त्याचा विचार केला जाईल, असा तिचा आशय होता.

ही चिठ्ठी वर्तमानपत्रांत छापून आली आणि उत्तरेत गदारोळ उडाला. आमची मुले संघराज्यासाठी मरत आहेत की गुलामांसाठी, असे विरोधक विचारू लागले. ऑगस्टमध्ये लिंकनच्या स्वतःच्या पक्षाचा अध्यक्ष हेन्री रेमंड याने सुचवले की, दक्षिणेने राज्यघटना मान्य करावी एवढ्या एकाच अटीवर तहाचा प्रस्ताव पाठवावा आणि बाकीचे प्रश्न नंतर पाहावेत. आपण निवडणूक हरणार असे लिंकनलाही वाटत होते. २३ ऑगस्टला त्याने तसे चार ओळींत लिहिले, कागद घडी घालून बंद केला आणि आतला मजकूर न दाखवता मंत्र्यांच्या सह्या त्याच्या पाठीवर घेतल्या. तिसरी अट मात्र त्याने मागे घेतली नाही.

हे सगळे सांगून झाल्यावर अकरावीतील एका मुलीने विचारले, "सर, ती तिसरी अट गाळली असती तर लढाई तेव्हाच थांबली असती. पुढच्या आठ महिन्यांत जे मेले, त्यांचा हिशेब कोणी द्यायचा?" मी काहीतरी उत्तर दिले, पण ते माझे मलाच पटले नाही. ही अट शांततेला पोषक होती की शांततेच्या आड आली, याविषयी जाणकारांनी लिहावे. आपल्याकडच्या अनुभवातून काही सांगता आले तर मुलांना ते अधिक जवळचे वाटेल.


आयर्विन पूल (सांगली)

सर, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न चोख आहे, पण त्यात एक गृहीतक आहे आणि ते खरे नाही. तिसरी अट गाळली असती तर लढाई थांबली असती, हे तिने धरून चालले आहे. लिंकनने ती चिठ्ठी लिहिली त्याच्या आदल्याच दिवशी, म्हणजे १७ जुलै १८६४ रोजी, उत्तरेकडचे जॅक्वेस आणि गिलमोर नावाचे दोन गृहस्थ, अधिकृत दूत नसतानाही, रिचमंडला जाऊन दक्षिणेचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस याला भेटले होते. त्याने त्यांना स्वच्छ सांगितले की, आम्ही स्वातंत्र्यासाठी लढत आहोत आणि ते तरी मिळवू किंवा नामशेष तरी होऊ. म्हणजे तह अडला होता तो दुसऱ्या, संघराज्याच्या अखंडतेच्या अटीवर. लिंकनने तिसरी अट खोडली असती तरी डेव्हिस सही करायला बसला नसता. प्रतिकूल बाजूच्या मुलांनी हा मुद्दा आधीच विचारात घ्यावा, कारण समोरचा वक्ता अभ्यासू निघाला तर त्यांची सगळी मांडणी एका वाक्यात कोसळेल.

त्यानंतर ३ फेब्रुवारी १८६५ रोजी हॅम्प्टन रोड्स येथे 'रिव्हर क्वीन' या आगबोटीवर लिंकन आणि त्याचा परराष्ट्रमंत्री सेवर्ड दक्षिणेच्या तीन प्रतिनिधींशी काही तास बोलत बसले. तिथेही निष्पन्न काही झाले नाही. त्या तिघांतला अलेक्झांडर स्टीव्हन्स हा दक्षिणेचा उपाध्यक्ष होता, आणि त्यानेच मार्च १८६१ मध्ये सव्हाना येथील भाषणात सांगितले होते की, कृष्णवर्णीय माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि दास्य हीच त्याची नैसर्गिक अवस्था आहे, हा आमच्या नव्या सरकारचा कोनशिलेचा दगड आहे. ज्या घराची कोनशिला ही, त्या घराशी शेजारधर्म कसा चालणार होता, हे मुलांनाच ठरवू द्या.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. शांतता म्हणजे काय, याचा हिशेब १८६४ पासून मांडला तर चुकतो. तो १८२० पासून मांडावा लागतो. त्या वर्षी मिसुरी गुलामगिरीचे राज्य आणि मेन गुलामगिरीमुक्त राज्य अशी वाटणी झाली आणि नकाशावर ३६ अंश ३० मिनिटांची रेघ ओढली गेली; मिसुरी सोडून त्या रेघेच्या उत्तरेच्या नव्या मुलखात गुलामगिरी नाही, असे ठरले. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. १८५० साली पुन्हा तडजोड झाली. कॅलिफोर्निया मुक्त राहिले, पण त्याच्या बदल्यात पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा कडक कायदा आला. त्या कायद्यातला एक तपशील मी कधी विसरलो नाही. पकडलेला माणूस गुलाम आहे की मुक्त, हे ठरवणाऱ्या आयुक्ताला तो गुलाम आहे असा निकाल दिल्यास १० डॉलर आणि मुक्त आहे असा निकाल दिल्यास ५ डॉलर फी मिळत असे. कागदपत्रे जास्त लिहावी लागतात, असे त्याचे कारण देण्यात आले होते! शिवाय रस्त्यावरच्या कोणाही नागरिकाला पकडण्याच्या कामी मदतीला बोलावता येत असे. म्हणजे तोपर्यंत बॉस्टनमधला जो माणूस 'तो दक्षिणेचा प्रश्न आहे' असे म्हणून आपल्या दुकानात बसला होता, त्यालाही या शांततेने उठवून पाठलागाला लावले. १८५४ साली कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने ती जुनी रेघच पुसली आणि कॅन्ससमध्ये युद्धाच्या काही वर्षे आधीच रक्त सांडू लागले. १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयांना नागरिकत्वच नाकारले, आणि यामुळे वाद एकदाचा मिटेल असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटले होते.

दर वेळी तह झाला, दर वेळी तो आधीच्यापेक्षा लवकर मोडला, आणि दर वेळी तह टिकवण्याची किंमत म्हणून गुलामगिरीला थोडे अधिक क्षेत्र किंवा थोडा अधिक अधिकार द्यावा लागला. १८६४ साली रेमंडने सुचवलेला तह याच माळेतला पुढचा मणी ठरला असता.

तरीही लिंकनला पहिल्यापासून हे सगळे उमगले होते असे मुलांनी बोलू नये. ते खोटे ठरेल. ऑगस्ट १८६२ मध्ये त्याने याच ग्रीलीला लिहिले होते की, एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचत असेल तर मी तसे करीन. १ जानेवारी १८६३ च्या मुक्तीच्या जाहीरनाम्यातूनही उत्तरेच्या बाजूने राहिलेली गुलामांची राज्ये वगळलेली होती. मग दोन वर्षांत इच्छेची अट कशी झाली? ती गुलामांनीच करायला लावली. ते शेतमळे सोडून उत्तरेच्या छावण्यांत येत राहिले, आणि युद्ध संपेपर्यंत जवळपास १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या फौजेत भरती झाले. ऑगस्ट १८६४ मध्ये तडजोडीचा आग्रह धरणाऱ्यांना लिंकनने विचारले की, पोर्ट हडसनला लढलेल्या या माणसांना मी पुन्हा मालकांच्या हवाली करू काय? त्याच महिन्यात अट थोडी सैल वाटेल असे एक पत्र त्याने लिहून ठेवले होते. ते त्याने फ्रेडरिक डग्लसला दाखवले, डग्लसने पाठवू नका म्हणून सांगितले आणि ते गेले नाही. डग्लस स्वतः गुलामगिरीतून पळून आलेला होता.

तुमच्या विद्यार्थिनीने आठ महिन्यांतल्या मृतांचा हिशेब मागितला तो योग्यच आहे. मात्र १८६० च्या जनगणनेत जे सुमारे ४० लाख लोक गुलाम म्हणून मोजले गेले, ते तिच्या हिशेबात कुठल्या रकान्यात आहेत, हे तिला विचारावे. युद्ध १८६१ साली सुरू झाले असे त्या ४० लाखांना वाटण्याचे काही कारण नव्हते.


येरळाकाठ (खटाव)

वरचा प्रतिसाद उत्तम आहे. त्यात दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली हैतीची. फ्रान्सच्या या वसाहतीत १७९१ साली गुलामांचा उठाव झाला, आणि ४ फेब्रुवारी १७९४ रोजी फ्रान्सच्या क्रांतिकारी संसदेने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली. त्यानंतर तुसाँ लूव्हेर्त्यूरसारखा नेता फ्रान्सच्याच निशाणाखाली कारभार पाहू लागला होता. पुढे नेपोलियनने १८०२ साली तिथे फौज पाठवली, तुसाँला कैद करून फ्रान्सला नेले, आणि ग्वादलूप बेटावर गुलामगिरी पुन्हा आणल्याची बातमी हैतीत पोचताच शरण आलेले लोकही पुन्हा शस्त्र घेऊन उठले. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. गुलामगिरी रद्द करून मिळवलेली शांतता ती परत आणण्याच्या नुसत्या बातमीने मोडते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. आणि याचा कडू भाग असा की, १८२५ साली फ्रान्सने या देशाला मान्यता देताना १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली, म्हणजे स्वतंत्र झालेल्यांनी आपल्या जुन्या मालकांचे नुकसान भरून द्यायचे.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले, ते अमेरिकेतील ज्या सज्जनांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली, त्यांना अर्पण केले आहे. आपल्या देशबांधवांनी शूद्र बांधवांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी आशाही तिथेच व्यक्त केली आहे. फुल्यांचे मूळ गाव कटगुण, ते आमच्या खटाव तालुक्यातले, म्हणून हे सांगताना थोडा अभिमान वाटतो, तो क्षम्य मानावा. सर, तुमच्या मुलांना अमेरिकेचा विषय परका वाटत असेल तर त्यांना एवढेच सांगा की, सातारा जिल्ह्याशी नाते असलेल्या एका माणसाला तो दीडशे वर्षांपूर्वी परका वाटला नव्हता.


प्रीतिसंगम (कराड)

मी वकिली करते आणि गेली काही वर्षे वेठबिगारीच्या प्रकरणांत काम करते, म्हणून सरांच्या शेवटच्या वाक्याला धरून लिहिते. आयर्विन पूल यांनी युद्धाआधीच्या तहांबद्दल लिहिले आहे; मला युद्धानंतरच्या तहाबद्दल लिहायचे आहे, कारण युद्धात जिंकले आणि तहात हरले ही आपली म्हण उत्तरेला जशीच्या तशी लागू पडते.

अमेरिकेच्या तेराव्या घटनादुरुस्तीने डिसेंबर १८६५ मध्ये गुलामगिरी संपली खरी, पण तिच्यात गुन्ह्याची शिक्षा म्हणून करून घेतलेली सक्तीची मजुरी वगळली आहे. दक्षिणेतील राज्यांनी लगेच असे कायदे केले की, कामाचा करार जवळ नसलेला कृष्णवर्णीय माणूस 'भटक्या' म्हणून गुन्हेगार ठरे, आणि पुढे कैद्यांना खाणी आणि मळ्यांवर भाड्याने देण्याची पद्धत रूढ झाली. उरलेल्यांना जमीन मिळाली नाही, म्हणून ते जुन्याच मालकांची जमीन वाट्याने कसू लागले. बियाणे, पीठ आणि कापड मालकाच्या दुकानातून उधारीवर मिळे आणि हिशेबाची वही मालकाकडे असे. कापूस विकून झाल्यावर बाकी निघे. बाकी असेपर्यंत जमीन सोडून जाता येत नसे.

आपल्याकडे हेच फार शांतपणे झाले. ब्रिटिश संसदेचा १८३३ चा गुलामगिरी रद्द करणारा कायदा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखाला लागू नव्हता. कंपनीच्या मुलखासाठी १८४३ चा पाचवा कायदा आला (सातारा तेव्हा त्या मुलखात नव्हता, ते संस्थान १८४८ साली खालसा झाले). हा कायदा मुद्दाम काढून वाचावा. गुलामांना मुक्त करण्यात येत आहे, असे वाक्य त्यात नाही. अमुक माणूस माझी मालमत्ता आहे, हा दावा न्यायालय ऐकणार नाही, असे तो प्रामुख्याने सांगतो. पेशवाईच्या दप्तरांत ज्या कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी सापडतात, तसा व्यवहार कागदावर करणे त्यामुळे निरर्थक झाले. माणूस विकत घेता येईना. पण त्याला कर्ज देता येत होते. भारतीय संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला बंदी केली आणि १९७६ साली वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा झाला, तो या कर्जावर नेम धरून झाला. त्यानुसार बंधक मजुराचे असे कर्ज आपोआप संपते, त्यासाठी केलेला करार निरर्थक ठरतो, आणि हे कर्ज बंधनाचे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवर असते.

आता एक प्रसंग सांगते. नावे, गाव आणि कारखाना सांगणार नाही. दोन वर्षांपूर्वी ऊसतोडीच्या हंगामाचा पट्टा पडल्यावर, म्हणजे तोडणी संपल्यावर, मराठवाड्यातल्या ऊसतोड मजुरांची अकरा कोयत्यांची एक टोळी एका वस्तीवर अडकवून ठेवली असल्याचा मला फोन आला. (ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी.) टोळी जमवून आणणारा मुकादम पळाला होता, आणि टोळीच्या अंगावर बाकी आहे असे कारखान्याला ऊस वाहून नेणाऱ्या वाहतूकदाराचे म्हणणे होते. मी गेले तेव्हा कोप्या (त्यांच्या झोपड्या) मोडलेल्या होत्या, लोक बांधावर बसलेले होते, आणि त्यांची भांडी, अंथरुणे, पोरांचे कपडे ट्रॉलीत भरून ट्रॉलीच्या फाळक्याला साखळी आणि कुलूप लावले होते. माणसाला कोणी बांधले नव्हते. साखळी फक्त भांड्यांना होती.

वाहतूकदाराच्या वहीत खाडे, दवाखाना, किराणा, मुकादमाचे कमिशन असे सगळे लिहून एक लाखाच्या वर बाकी काढली होती. त्या टोळीतल्या एका बाईने हंगामभराच्या सगळ्या खेपांच्या चिठ्ठ्या साखरेच्या रिकाम्या पिशवीत घालून जपून ठेवल्या होत्या. तिला वाचता येत नव्हते, पण चिठ्ठी फेकायची नसते एवढे कळत होते. त्या चिठ्ठ्यांवरचे उसाचे वजन जोडले तेव्हा उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, जवळजवळ फिटलेली दिसली.

प्रकरण ठाण्यात गेले. तिथे तडजोड झाली. शंभराच्या मुद्रांकावर लिहून घेतले की, राहिलेली रक्कम टोळी पुढच्या हंगामात याच वाहतूकदाराकडे काम करून फेडेल, बावीस अंगठे उठले, ट्रॉलीचे कुलूप निघाले, आणि अधिकारी मला म्हणाले, "ताई, मिटले सगळे. आता शांतता आहे, तुम्ही ती बिघडवू नका."

सर, तुमच्या विद्यार्थिनीला हा मुद्रांक दाखवावासा वाटतो. १८५० च्या तडजोडीत जे होते ते सगळे त्यात आहे. भांडण थांबले, दोन्ही बाजूंच्या सह्या आहेत, साक्षीदार आहेत, आणि माणूस पुढच्या दिवाळीला पुन्हा कुठे हजर राहायचा ते ठरले आहे. १९७६ च्या कायद्याने तो कागद निरर्थक आहे, म्हणून मी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला, आणि बऱ्याच तारखांनंतर त्या लोकांना मुक्ततेचे दाखले मिळाले. मजुरीच्या फरकाचा दावा अजून चालू आहे. मात्र हेही सांगायला हवे की, त्या अकरा जोड्यांपैकी चार जोड्यांनी पुढच्या दसऱ्याला दुसऱ्या मुकादमाकडून उचल घेतली.


फडकरी (वाळवा)

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी ऊस उत्पादक आहे आणि तीन वर्षांपूर्वीपर्यंत वाहतूकदारही होतो, म्हणजे तुमच्या गोष्टीत कुलूप लावणारा जो आहे त्या जागी मी उभा असतो. त्या कुलपाचे समर्थन मी करणार नाही. पण त्या जागेवरून काय दिसते ते कोणीतरी लिहिले पाहिजे.

मी कर्ज काढून ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या घेतल्या, कारखान्याशी करार केला आणि दसऱ्याच्या आधी एका मुकादमाला सहा लाख रुपये दिले. त्यातले काही कारखान्याकडून आगाऊ मिळालेले होते, बाकीचे माझे. आठ कोयते ठरले होते, पाच आले; बाकीचे तीन मुकादमाने जास्त उचल देणाऱ्या दुसऱ्या वाहतूकदाराकडे वळवले. जानेवारीत ऐन थंडीत एका रात्रीत तीन कोयते निघून गेले, सकाळी कोपीत चुलीतली राख तेवढी होती. बँकेचा हप्ता थांबत नाही आणि कारखाना आगाऊ दिलेल्या रकमेसाठी माझ्या बिलाला हात लावतो. आमच्या भागात असे झाले की चार माणसे जीपमध्ये घालून बीडकडे जायचे आणि मुकादमाला किंवा मजुराला उचलून आणायचे, अशी रीतच पडली आहे. मीही गेलो होतो. मुकादम मिळाला नाही. पळालेल्या जोडीपैकी एकाचे घर मिळाले, पत्र्याची एक खोली. बाई बाळंत झालेली होती आणि खोलीत आमच्याच शेतावरचे माझे ताडपत्रीचे छप्पर होते. बरोबरचे लोक म्हणाले, माणूस न्यायचा नसेल तर निदान ताडपत्री तरी घेऊ. आम्ही ती घेतली नाही, एवढेच सांगतो. त्यात मोठेपणा काही नाही, परतीच्या वाटेवर मी त्यांच्यावर आणि स्वतःवर सारखाच चिडलेलो होतो.

आता मुद्दा. ब्रिटिशांनी १८३३ चा कायदा केला तेव्हा मळेवाल्यांना २ कोटी पौंड भरपाई दिली आणि गुलामांना एक पैसा दिला नाही. उलट 'शिकाऊ' या नावाखाली त्यांना १८३८ पर्यंत त्याच मालकांकडे राबवले, आणि त्यांची जागा भरायला आपल्याच देशातून गिरमिटिये (करारबद्ध मजूर) नेले. यावरून मला दिसते ते असे की, गुलामगिरी संपवण्याची अट घालणारा त्या अटीचा खर्च कोणावर टाकतो, यावर पुढची शांतता ठरते. उचल बंद करा म्हणणे सोपे आहे. पावसाळाभर दुकानदाराकडे झालेली उधारी, पोरीचे लग्न, आजारपण, याला मराठवाड्यातल्या कोरडवाहू माणसाला दसऱ्याआधी पैसे कोण देतो? आज फक्त मुकादम देतो. त्याची जागा कोणी घेतली नाही तर तुमचे चार कोयते परत गेले तसे बाकीचेही जातील, त्यात त्यांचा दोष नाही. माझ्या मते कारखान्याने टनाचा तोडणी दर थेट मजुराच्या खात्यावर टाकावा, आगाऊ रक्कमही त्यानेच आपल्या नावावर द्यावी आणि मुकादम व वाहतूकदार यांना या देण्याघेण्यातून काढावे. तसे झाल्याशिवाय माझ्यासारखा मधला माणूस दोन्हीकडून मार खातो आणि मग खाली मारतो.

'गुलामगिरी' हा शब्द मात्र मला अजूनही जड वाटतो. मळेवाला गुलाम विकू शकत होता. मी कोणाला विकलेले नाही.


प्रीतिसंगम (कराड)

दादा, तुम्ही स्वतःचे लिहिलेत म्हणून आभार. असे कोणी लिहीत नाही. शब्दाबद्दल भांडत नाही. न्यायालय एवढेच विचारते की, माणसाला काम सोडून जाता येते की नाही. १९८२ सालच्या आशियाई खेळांच्या मजुरांच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच्याही पुढे जाऊन सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबायला माणूस तयार होतो तो परिस्थितीच्या सक्तीमुळे, आणि अशी मजुरी ही २३ व्या अनुच्छेदातली सक्तीची मजुरीच आहे. कारखान्याने थेट देणे द्यावे, हा तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. आणि एक विचारू का? तुम्ही कोणाला विकत नव्हता, पण मुकादमाने तुमच्यासाठी ठरलेले तीन कोयते जास्त उचल देणाऱ्या दुसऱ्या वाहतूकदाराकडे वळवले, तेव्हा त्या कोयत्यांना कोणी विचारले होते का?


फडकरी (वाळवा)

नाही, विचारले नव्हते. मीही मुकादमाशीच भांडलो होतो.


वेण्णाकाठ (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. काल तासाला मी आयुक्ताच्या १० आणि ५ डॉलरची गोष्ट सांगितली आणि नंतर ताईंचा मुद्रांकाचा प्रसंग वाचून दाखवला. प्रश्न विचारणाऱ्या मुलीने आपली बाजू बदललेली नाही. ती प्रतिकूल बाजूनेच बोलणार आहे, पण तिची मांडणी आता वेगळी आहे. तिचे म्हणणे असे की, पूर्वअट म्हणून फक्त कायदा मोजला तर विषय खोटा ठरतो, कारण १८६५ साली कायदा झाला आणि १८७७ साली उत्तरेने दक्षिणेतून आपले सैन्य आणि लक्ष काढून घेतल्यावर पुढची अनेक दशके तिथे कृष्णवर्णीयांना शांतता अशी मिळालीच नाही. ब्राझीलने तर १३ मे १८८८ रोजी युद्धाविना गुलामगिरी रद्द केली आणि मुक्त झालेल्यांच्या हाती जमिनीचा तुकडाही दिला नाही. हिशेबाची वही मालकाकडे राहिली तर अट पुरी झाली असे म्हणता येणार नाही, हे तिचे शेवटचे वाक्य आहे. त्यामुळे अनुकूल बाजूच्या मुलांची झोप उडाली आहे, कारण ती त्यांचेच काम करून वर त्यांच्यावरच मात करायला निघाली आहे. फडकरी दादांचा भरपाईचा मुद्दा दोन्ही बाजूंना हवा आहे. चिठ्ठी टाकून तो कोणाला द्यायचा ते ठरवू.

ताई, स्पर्धा पुढच्या शनिवारी सकाळी अकरा वाजता आहे. परीक्षक म्हणून आपण याल का?


प्रीतिसंगम (कराड)

सर, यायला आवडले असते, पण त्याच्या आदल्या दिवशी मजुरीच्या फरकाच्या दाव्याची तारीख आहे आणि ती लांबली तर शनिवारी मला मजुरांबरोबर थांबावे लागेल. त्या बाईने जपलेल्या चिठ्ठ्यांच्या मूळ प्रती हजर करायच्या असल्याने देता येणार नाहीत. मात्र सगळ्या चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स आणि नावे झाकलेल्या मुद्रांकाची एक प्रत गुरुवारच्या एसटीने पाठवते. चिठ्ठ्यांवरचे वजन मुलांनी स्वतः जोडून पाहावे आणि वहीतल्या आकड्याशी ताडून पाहावे.